‘ह्यांनी’ म्हणजे किती जण?

सुवर्णाला तिच्या नवऱ्याने मारलं, आणि मी कागदावर लिहिलं की काही लोकांनी हात वर केले.

इंग्रजीत लिहिलं, टाइप केलं, आणि भाषांतर अचूक आहे अशी शपथही घेतली. शपथेखालची सही झोकदार यावी म्हणून घरून स्वतःचं पेन नेलं होतं. मूर्खपणा करायचाच तर तो नीटनेटका करावा, अशी माझी जुनी शिस्त आहे. पण तिथपर्यंत यायला अवकाश आहे. आधी सुवर्णा.

सुवर्णा बार्शीची. लग्नाआधी तिथल्या एसटी स्टँडवर कंत्राटावर उद्घोषणा करायची. त्या आवाजात प्रत्येक शब्दाला बसायला स्वतंत्र सीट मिळायची. इथे कॅनडात, आमच्या व्हिटबीतल्या टाउनहाऊसच्या रांगेत शेजारचं घर तिच्या नवऱ्याने, संदीपने, भाड्याने घेतलं, तेव्हा ही गोरीपान, ठेंगणी बाई बोलते की नाही हेच मला बरेच दिवस कळलं नव्हतं. संदीपच सांगायचा, "हिला इंग्लिश येत नाही रे, मी बोलतो ना." मराठीतही तोच बोलायचा.

तिचा खरा आवाज मी प्रथम ऐकला मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या पंगतीला. दोनशे माणसं, हॉलचा माइक बंद, आणि जेवणाची रांग काही केल्या लागेना. अध्यक्ष खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते, लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला, तेही टाळ्या वाजवायला लागले. इतक्यात माझ्या मागून, नाकात किंचित गुंडाळलेला, पण हॉलच्या टोकापर्यंत जाणारा आवाज आला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरणभात, बटाट्याची भाजी मार्गे श्रीखंडाकडे जाणारी रांग खिडकीशेजारील फलाटावर लागलेली आहे. प्रथम लहान मुलांना चढू द्यावे. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी..."

हॉलभर हशा. नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे सगळे आयटीवाले शहाण्यासारखे खिडकीपाशी रांगेत. संदीपही हसला. हसतहसत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बास आता." घोषणा अर्ध्यावर तुटली. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी काय करायचं ते राहूनच गेलं. मी अगदी जवळ उभा होतो. मला वाटलं, काय गोड जोडी आहे.

संदीप माणूस म्हणून सगळ्यांना आवडायचा, हे सांगितलंच पाहिजे. गणपतीत तबला वाजवायचा. कुणाचे विंटर टायर बदलायचे असोत, जॅक घेऊन हजर. बॅडमिंटनला माझा पार्टनर. मी शटल सोडायचो, तो धावून घ्यायचा.

सुवर्णा मला भाऊजी म्हणायची, मी तिला वहिनी. म्हणजे आमचं जे काही नातं होतं ते संदीपमार्गे जायचं. ती जगाविषयी बोलायची ती एसटीच्या भाषेत. ओवी, तिची चार वर्षांची मुलगी, शाळेला जायला कुरकुरली की "विनाथांबा, विनातक्रार!" माझी बायको अनघा मंगळागौरीला उशिरा आली तर "अनघाताई, तुमची गाडी कुर्डुवाडीला अडकली काय ओ?" संदीपचा मूड बिघडलेला असला की "आज घाटात गर्दी आहे." मला हे इतकं आवडायचं की मी तिचे विनोद ऑफिसात इंग्रजी करून सांगायचो. कुणी हसायचं नाही. तिथेच मला माझ्या भाषांतराची कुवत कळायला हवी होती.

एका सकाळी ती कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होती. डाव्या हाताला ओढणी गुंडाळलेली.

"काय वहिनी, ठीक ना?"

"काल आमच्याकडं ब्रेकडाऊन झाला, भाऊजी."

बाहेर उणे वीस. अशा दिवसांत व्हिटबीत ब्रेकडाऊन एकाच गोष्टीचा होतो, घर तापवणाऱ्या यंत्राचा. "अरे बाप रे, फर्नेस?"

तिने हातावरची ओढणी नीट केली. मग म्हणाली, "व्हय. फर्नेसच म्हणा."

मला फर्नेसमधलं काहीही कळत नाही. पण शेजारधर्म म्हणून संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. संदीपने दार उघडलं. आतून मस्त ऊब आली.

"फर्नेस? आमचा तर झकास चालू आहे. कोण म्हणालं?"

"वहिनी म्हणाल्या."

तो हसला. "हिचं काय, ही काहीही बोलते. ये ना, चहा घे."

मी घेतला. चहा तिनेच करून आणला, माझ्याकडे न बघता कप ठेवला. मी चहाची तारीफ केली, टॉर्च खिशात घातला आणि घरी आलो. त्यानंतर कितीतरी दिवस डबे बाहेर ठेवायला संदीपच यायचा. मी अनघाला म्हणालो, "बघ, बायकोला थंडीत बाहेर काढत नाही. शीक."

मग मोठा बर्फ पडला, आणि संदीप कामासाठी आठवडाभर मॉन्ट्रियलला गेला. मी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होतो, ती त्यांच्या. बर्फ वितळायला मिठाची पिशवी रिकामी करताना म्हणाली, "एवढं मीठ आमच्याकडं लोणच्याला लागत नाही ओ." मी हसलो. ती हसली नाही. फावडं बर्फात रोवलं आणि विचारलं:

"भाऊजी, तुम्हाला कागदपत्रातलं कळतं ना? हे म्हणतात, मी नुसता एक फोन केला की तुला दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील. आन् ओवी इथंच राहील. ती इथं जन्मली, ती इथली. तू माझ्या कागदावर आलीस. हे खरं आहे का?"

इथे एक गोष्ट सांगतो. कॅनडातला प्रत्येक मराठी माणूस अर्धा इमिग्रेशन वकील असतो. त्याने आपला पीआरचा, म्हणजे कायमचं राहण्याचा, अर्ज स्वतः भरलेला असतो, आणि तो पास झालेला असतो. स्वतःचं अपेंडिक्स काढून घेतलेल्या माणसाने दवाखाना उघडावा, तसे आम्ही मग जन्मभर सल्ले देतो. मी तर व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा नावाजलेला डॉक्टर. ती का विचारतेय, हे माझ्या मनातही आलं नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच मला शिकवलं होतं.

"हे बघा वहिनी," मी फावड्यावर रेलून म्हणालो, "प्रिन्सिपल अॅप्लिकंट संदीप. तुम्ही डिपेंडंट. त्याने तुमचं नाव काढलं की तुमचं स्टेटस गेलं. तेव्हा पीआर होईपर्यंत काही गडबड नको. मग काय, तुम्ही मोकळ्या!"

"म्हणजे पीआर येईपर्यंत थांबायचं."

"थांबायचं. थोडं अॅडजस्ट करायचं."

तिने मान हलवली. "गाडी वेळेवर आली तर बरं," म्हणाली, आणि उरलेला बर्फ ओढायला लागली.

माझ्या त्या एका वाक्यावर ती पुढचा सगळा हिवाळा थांबली, आणि उन्हाळाही.

ती निघाली त्या सकाळी मी बेसमेंटमध्ये मीटिंगमध्ये होतो. वर आलो तर अनघा कुणाशीतरी फोनवर हळू आवाजात बोलत होती, ओवी टोस्ट खात होती, आणि सुवर्णा दाराजवळच्या बाकावर घरातल्या सपाता घालून बसली होती. एक पिशवी. कानामागे काळंनिळं. मी "काय झालं?" म्हणालो.

"गाडी रद्द," ती म्हणाली.

तिला आणि ओवीला छळ झालेल्या बायकांच्या निवाऱ्यात जागा मिळाली. ती गेल्यावर अनघाने माझ्याकडे वळून, अजिबात न ओरडता विचारलं, "ब्रेकडाऊन म्हणजे तुला खरंच फर्नेस वाटला होता?"

मोफत कायदा-सल्ला देणाऱ्या एका केंद्रात तिला वकीलबाई मिळाल्या. मराठी दुभाष्याला वेळ लागणार होता. हिंदीचा लगेच मिळत होता, पण सुवर्णाचं हिंदी म्हणजे बार्शीतून निघून सोलापूरलाच संपणारं. तेव्हा मी हात वर केला. मराठी माध्यम, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व, कॅनडात बारा वर्षं. मी म्हटलं, मी आहे ना.

पहिल्याच भेटीत कळलं की मी ड्राइव्हवेवर दिलेला सल्ला साफ चूक होता. वकीलबाई शांतपणे समजावत होत्या आणि मी मराठी करत होतो: नवऱ्याच्या नुसत्या फोनवर कुणी कुणाला विमानात बसवत नाही. घरात छळ होत असलेल्या, कायमचा हक्क नसलेल्या बाईसाठी इथे राहण्याचा तात्पुरता परवाना असतो. त्याला फी नाही, नवऱ्याची सही नाही. त्यावर कामाची परवानगी मागता येते. पुढे माणुसकीच्या आधारावर कायमचं राहण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, त्यात मुलीचं हित बघतात. मात्र देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात. त्याला वाचून पटलं पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, कागद येईपर्यंत नवऱ्याजवळच राहावं लागतं, हे तिला कुणी सांगितलं?

हा प्रश्नही मलाच मराठीत करायचा होता. केला. सुवर्णा माझ्याकडे बघत म्हणाली, "सांगा की. शेजाऱ्यांनी सांगितलं."

"नेबर्स," मी म्हणालो. वकीलबाईंनी मान डोलावून टिपून घेतलं. अनेकवचनात लपायला फार जागा असते.

तिचं निवेदन मी रेकॉर्ड करून घरी आणलं. दोन शनिवार-रविवार बसलो. सुवर्णाने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, उखाणा सोडून. 'ह्यांनी हात उचलला.' 'ह्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला.' 'मग त्यांनी दार आतून लावलं.' 'मारलं' हा शब्द अख्ख्या निवेदनात एकदाही नाही. मी विचार केला: बाई आदराने बोलतेय, तर तो आदर जपला पाहिजे. आता इंग्रजीत आदरार्थी कसं करायचं? नेमकं त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं, की एका माणसालाही 'दे', म्हणजे अनेकवचनी 'ते', म्हणता येतं आणि ते सन्मानाचं असतं. मला साक्षात्कारच झाला! सगळीकडे 'दे' घातलं. 'दे रेज्ड देअर हँड्स.' 'दे लॉक्ड द डोअर.' अनघा म्हणाली, "एकदा कुणाला तरी दाखव." मी म्हटलं, "मूळ सूर जपलाय." मग पेन घेऊन शपथेला गेलो.

वकीलबाईंनी वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, घरात सासू-सासरे, दीर असतील. भारतीय घर. त्यांनी तसंच पाठवलं.

नकार आला. त्यात कारण दिलं होतं, आणि तेही सरळ: घरात नवरा, बायको आणि मूल एवढेच राहत असल्याचं कागद सांगतात. मग हात वर करणारे लोक कोण, किती, आणि त्यांनी नेमकं काय केलं, हे निवेदनातून स्पष्ट होत नाही.

वकीलबाईंनी मला बोलावलं. "हू आर दे?" त्यांनी विचारलं. "हाऊ मेनी?"

मी सांगितलं. एकच. नवरा. आमच्यात नवऱ्याला बहुवचनात... मान देऊन... आणि हात उचलणं म्हणजे...

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जो मारतो त्याच्याविषयी ती मानाने बोलते?"

"हो."

"आणि तुम्ही तो मान भाषांतरात आणलात."

मी "हो" म्हणालो. याहून लहान उत्तर मला दोन्ही भाषांत सुचलं नाही.

तोवर सुवर्णाच्या जुन्या परवान्याची मुदत संपली होती. तिकडे कौटुंबिक न्यायालयात संदीपचा वकील म्हणत होता, आईचाच इथे राहण्याचा भरवसा नाही, तर मुलगी बापाकडे द्या. एका कागदात बाई अडकली होती आणि त्या बाईत मुलगी. मंडळात लोक म्हणायचे, "दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत," आणि गणपतीत तबला ऐकायचे. मी बॅडमिंटन सोडलं. एवढाच माझा निषेध. तसाही हरतच होतो.

दुसऱ्या निवेदनाला फोनवर रीतसर मराठी दुभाषी बाई होत्या. मला काम एकच: बाहेर कॉरिडॉरमध्ये ओवीला सांभाळायचं आणि तोंड बंद ठेवायचं. भिंत पातळ होती. आतून ऐकू येत होतं. वकीलबाई सावकाश सांगत होत्या, नाव घे, आणि काय केलं ते साध्या शब्दांत सांग. सुवर्णा म्हणायची, "ह्यांनी..." आणि थांबायची. पुन्हा, "त्यांनी मला..." आणि थांबायची. फोनवरच्या बाई विचारायच्या, "त्यांनी म्हणजे कोणी, ताई?" पाण्याचा ग्लास. पुन्हा "ह्यांनी." मी ओवीसाठी फोनवर कार्टून लावलं. बाहेर बसून मी मनातल्या मनात तिच्यासाठी ते वाक्य म्हणत होतो, पण माझं म्हणणं आता कुठेच चालणार नव्हतं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उभी राहिली असावी. आणि तो नाकातला, टोकापर्यंत जाणारा आवाज भिंत ओलांडून आला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. व्हिटबी येथे राहणारा संदीप, याने आपल्या बायकोला, सुवर्णाला, मारले. पट्ट्याने मारले. मुलीसमोर मारले. दार लावून मारले. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

कॉरिडॉरमधला प्रिंटर तेवढा चालू होता. ओवीने कार्टूनमधून डोकं वर काढलं. चेहरा खुलला.

"अंकल! ममाज् डूइंग द बस व्हॉइस!"

मी कार्टूनचा आवाज वाढवला. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, पण चेहरा कोरडा. "सुटली एकदाची गाडी," म्हणाली. "पोचते का बघायचं."

पोचली का ते मला माहीत नाही. नवा अर्ज गेला. वकीलबाईंना मी पुन्हापुन्हा विचारलं, त्या पुन्हापुन्हा नम्रपणे म्हणाल्या की त्यांना सांगता येत नाही, मी तिचा कुणी लागत नाही. हेही बरोबरच. 'शेजारी' हे नातं कुठल्याच अर्जात भरता येत नाही.

तिला मी शेवटचं पाहिलं ते बसस्टॉपवर. निवाऱ्यातून ती दुसरीकडे राहायला चालली होती. दुसऱ्या गावात, दीर्घ मुदतीची जागा, एवढंच अनघाला कळलं होतं. अनघाने शेंगाचटणीचा डबा आणि ओवीचे स्नो-पँट्स देऊन मला पाठवलं. मी गाडी घेऊन गेलो, म्हटलं सोडतो.

"तुमच्या गाडीत नको. संदीप ओळखतो की ती." नाव तिने सहज घेतलं. मग तिचं तिलाच जाणवलं, आणि तिने ओवीची टोपी कानांवर ओढली.

वारा सरोवरावरून येत होता. निर्णय अजून आला नव्हता. न्यायालयाची तारीख पुढे गेली होती. यायचं ते कधी येईल, आणि आलं तर काय घेऊन येईल, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. आम्ही बस ज्या बाजूने येणार तिकडे बघत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "त्या पॉटलकला घोषणा अर्धी राहिली होती. उभ्याने प्रवास करणाऱ्यांनी काय करायचं?"

"काय करणार? घट्ट धरून ठेवायचं."

बस आली. तिने ओवीला आधी चढवलं. मी पिशवी आत दिली. तेवढ्यात मला सुचलं, खरंच चांगल्या मनाने सुचलं, आणि मी विचारलं, "पत्ता तरी सांगून ठेवा. काही लागलं, कागदाचं वगैरे, तर मी..."

"अंकल, आय नो द अॅड्रेस!" ओवी आतून ओरडली. "इट्स..."

सुवर्णाने तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. आजवर मला भाऊजी म्हणणारी ती बाई पायरीवरून वळली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा स्टँडवरच्या आवाजात म्हणाली:

"नको ओ दादा. तुम्हाला काहीबी सांगितलं की तुम्ही त्याचं इंग्रजी करता."